रक्तवाहिनी उघडली खरी, पण किती वाजता?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पक्षाघाताच्या झटक्यातून वाचलेल्या रुग्णाची बातमी छापून येते तेव्हा तिचा साचा ठरलेला असतो. मेंदूतली गुठळी बिनटाक्याच्या शस्त्रक्रियेने काढली, थोडा जरी उशीर झाला असता तर अनर्थ ओढवला असता, डॉक्टरांच्या चमूचे कौतुक. गुठळीचा फोटो असतो, यंत्राचे नाव असते. नसतात त्या तीन वेळा. रुग्ण शेवटचा ठणठणीत किती वाजता दिसला होता, दवाखान्याच्या दारातून आत किती वाजता आला, आणि मेंदूत रक्त पुन्हा किती वाजता खेळू लागले. इथून पुढे अशा बातमीत या तीन वेळा छापाव्यात, एवढी विनंती सुरुवातीलाच करतो. त्या का छापायच्या, हे सांगण्यासाठी बाकीचे पत्र.

मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के. पण शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी सुमारे २० टक्के तो एकटाच खातो आणि साठा म्हणून जवळजवळ काहीच ठेवत नाही. निरोगी मेंदूत दर १०० ग्रॅममागे मिनिटाला साधारण ५० मिलिलिटर रक्त फिरते. धमनी तुंबून हा आकडा २० च्या आसपास उतरला की पेशींचे विद्युत काम थांबते, म्हणजे हात उचलत नाही, शब्द फुटत नाही. पेशी मात्र जिवंत असतात. आकडा १० च्या खाली गेला की पेशीच्या आवरणावरचे क्षारांचे पंप बंद पडतात, सोडियम आणि पाणी आत घुसते आणि पेशी मरू लागतात. मोठी धमनी बुजली की तिच्या ताब्यातल्या भागात मधोमध मेलेला गाभा असतो, आणि त्याच्या भोवती १० ते २० च्या दरम्यान कसाबसा तग धरून असलेला पट्टा.

या दोन्ही भागांची लक्षणे बाहेरून एकसारखीच दिसतात. उजवी बाजू पूर्ण लुळी, वाचा गेलेली, डोळे एका बाजूला फिरलेले, असा रुग्ण पहिल्या तासात पाहून 'आता काय उरलंय' असे म्हणणारे नातेवाईक भेटतात, आणि खेदाने सांगावे लागते, डॉक्टरही भेटतात. प्रत्यक्षात त्या घडीला मेलेला भाग बहुधा लहान असतो. बाकीचा सगळा मेंदू गप्प आहे, गेलेला नाही. झटका जितका मोठा दिसतो तितका वाचवण्याजोगा भागही मोठा असण्याची शक्यता असते. त्यामुळे 'केस फार गंभीर आहे, धावपळ करून उपयोग नाही' हे म्हणणे पहिल्या काही तासांपुरते तरी उलटे आहे.

हा पट्टा किती वेळ टिकतो? मोठी धमनी बुजल्यावर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असा हिशोब २००६ मध्ये मांडला गेला आणि तो सगळीकडे उद्धृत होतो. ती सरासरी आहे. मेंदूच्या पृष्ठभागावर शेजारच्या धमन्यांना जोडणाऱ्या केसासारख्या बारीक वाटा असतात. त्या ज्याच्या चांगल्या, त्याचा पट्टा दहा-बारा तासही तग धरतो. ज्याच्या नाहीतच, त्याचा दोन तासांत खलास. वय, जुना रक्तदाब, मधुमेह यांनी या वाटा आक्रसतात, पण कोणाच्या किती उरल्या आहेत हे तपासणीशिवाय सांगता येत नाही.

म्हणूनच गुठळी काढायला '२४ तासांची मुदत' आहे, या शब्दांची आम्हाला भीती वाटते. २०१८ मध्ये 'डॉन' आणि 'डिफ्यूज ३' या दोन चाचण्यांचे निष्कर्ष आले. पहिलीत ६ ते २४ तासांत आणि दुसरीत ६ ते १६ तासांत आलेल्या निवडक रुग्णांची गुठळी काढली. स्वतःचे स्वतः करू शकणाऱ्यांचे प्रमाण 'डॉन'मध्ये १३ वरून ४९ टक्क्यांवर गेले, 'डिफ्यूज ३'मध्ये १७ वरून ४५ वर. आकडे डोळे दिपवणारे आहेत. पण हे रुग्ण गाळून घेतलेले होते, उशिरापर्यंत ज्यांचा पट्टा टिकला तेवढेच. 'डिफ्यूज ३'ची अट होती की मेलेला गाभा ७० मिलिलिटरपेक्षा कमी हवा आणि रक्त कमी पडलेला एकूण भाग गाभ्याच्या किमान १.८ पट हवा. बाकीच्यांचा पट्टा तोवर गाभ्यात जमा झालेला होता, म्हणून ते चाचणीच्या दारातच गळाले. २४ तास ही उशिरा सापडलेल्यांसाठी ठेवलेली सवलत आहे. रात्री हात लुळा पडला तर सकाळी बघू, असा तिचा अर्थ लावू नये.

आता वेळ कुठे जातो ते पाहू. धमनीतून नळी घालून गुठळी ओढायला अनेकदा अर्धा-पाऊण तास पुरतो. त्याआधीचे तास घरात, रस्त्यात आणि दवाखान्याच्या व्हरांड्यात जातात.

घरात पहिली चूक घड्याळाची होते. 'झटका कधी आला?' असे विचारले की उत्तर येते 'सकाळी सात वाजता', कारण सात वाजता तो पडलेला दिसला. गुठळी विरघळवणाऱ्या औषधाचे घड्याळ तो शेवटचा ठीक दिसला तिथून चालते. रात्री साडेदहाला बोलून झोपला असेल तर साडेदहा. मधल्या वेळेचा पुरावा शोधण्यासारखा असतो. पहाटे कोणाला फोन केला होता का, संदेश पाठवला होता का, स्वच्छतागृहात उठला तेव्हा कोणी पाहिले का? पाच वाजता पाठवलेल्या एका सरळ संदेशाने रुग्ण औषधाच्या मुदतीत बसू शकतो. काहीच सापडले नाही तरी हात टेकू नयेत. एमआरआयच्या एका चित्रात इजा दिसते आणि दुसऱ्या प्रकारच्या चित्रात अजून दिसत नाही, अशी तफावत असेल तर झटका बहुधा साडेचार तासांच्या आतला असतो. २०१८ च्या 'वेक-अप' चाचणीने त्यावरून औषध देता येते हे दाखवले.

दुसरी चूक बीपीच्या गोळीची. झटक्यात रक्तदाब १९०-२०० होतो, घरातले किंवा जवळचे डॉक्टर घाबरून जिभेखाली गोळी ठेवतात, आणि अर्ध्या तासात तो १२० वर येतो. त्या बारीक वाटांमधून रक्त ढकलणारा दाबच काढून घेतला गेला. लुळेपणा वाढतो आणि लोक म्हणतात, झटका वाढला. गुठळी विरघळवण्याचे औषध द्यायचे असेल किंवा गुठळी काढायची असेल तरच रक्तदाब १८५/११० च्या खाली आणायचा, तोही शिरेतून, मोजून, हळू. गुठळीवरचा कोणताच उपचार होणार नसेल तर २२०/१२० पर्यंत सहसा हात लावत नाहीत. तिसरी चूक ॲस्पिरिनची. हृदयविकाराच्या झटक्यात ते चघळायला देतात, म्हणून इथेही देतात. पण हा झटका गुठळीचा की रक्तस्रावाचा, हे सीटी किंवा एमआरआय स्कॅनशिवाय जगातल्या कोणत्याही डॉक्टरला सांगता येत नाही. तोंडात पाणीसुद्धा घालू नये. गिळण्याचे स्नायू लुळे असतील तर ते फुप्फुसात उतरते.

आणखी एक चकवा. चेहरा, हात, बोलणे ही तिहेरी तपासणी लोकांना आता बऱ्यापैकी ठाऊक आहे. पण मानेमागून वर जाणारी धमनी तुंबली तर तिन्ही ठीक राहू शकतात. अचानक भोवळ येऊन उभेच राहता येत नाही, एकाचे दोन दिसते, उलट्या होतात, मग गुंगी. पित्त झाले म्हणून असा रुग्ण निजवून ठेवला जातो. मेंदूच्या खोडाला रक्त देणारी बॅसिलर धमनी पूर्ण बुजली आणि उघडली नाही तर बहुतेक रुग्ण दगावतात किंवा अंथरुणाला खिळतात. २०२२ मधल्या 'अटेन्शन' आणि 'बाओचे' या दोन चिनी चाचण्यांनी तिथेही गुठळी काढण्याचा फायदा सिद्ध केला. साध्या सीटीत हा भाग कवटीच्या जाड हाडांमुळे नीट दिसत नाही, तेव्हा 'सीटी नॉर्मल आहे' ऐकून निर्धास्त होऊ नये.

दवाखान्यात शिरल्यावर काय व्हायला हवे, याचा उत्तम नमुना फिनलंडमधल्या हेलसिंकीचा. तिथे दारापासून औषधाच्या सुईपर्यंतचा मध्यक वेळ २०११ पर्यंत २० मिनिटांवर आला. त्यात महागडे यंत्र कुठलेच नव्हते. रुग्णवाहिकेतून आधी फोन, वाटेतच जुने कागद पाहून घेणे, रुग्ण तातडीच्या विभागातल्या खाटेवर न उतरवता त्याच स्ट्रेचरवरून थेट सीटीच्या टेबलावर, आणि औषध तिथेच, सीटीच्या खोलीत. बहुतेक ठिकाणी अडते ते यातल्या साध्या गोष्टींवर. लिफ्ट वरच्या मजल्यावर असते, सीटीवर आधीचा रुग्ण असतो, केस पेपरवर शिक्का बाकी असतो. कोणीतरी छातीचा एक्स-रे काढून घेऊ म्हणतो, कोणी लघवीची नळी आधी घालू म्हणतो. रक्ताचे सगळे रिपोर्ट येईपर्यंत थांबण्याची रीत तर फारच पक्की आहे. औषधाआधी न चुकता पाहायची तपासणी एकच, रक्तातली साखर, कारण साखर ५० च्या खाली गेली तरी हुबेहूब पक्षाघात दिसतो. रुग्ण रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांवर असेल किंवा रक्तस्रावाचा आजार असेल तरच गोठण्याच्या तपासणीसाठी थांबायचे. धमन्यांचा सीटी अँजिओ क्रिएटिनिनच्या, म्हणजे मूत्रपिंडाच्या रिपोर्टसाठी अडवून ठेवण्याचेही कारण नाही. साध्या सीटीपाठोपाठ त्याच टेबलावर तो उरकावा, म्हणजे कोणती धमनी कुठे बुजली आहे ते लगेच कळते.

औषधाच्या मात्रेबद्दल थोडे सविस्तर, कारण चुका इथेच होतात. अल्टेप्लेज या गुठळी विरघळवणाऱ्या औषधाचा फायदा १९९५ मध्ये अमेरिकेतल्या 'निंड्स' चाचणीने ३ तासांपर्यंत सिद्ध केला आणि २००८ मध्ये 'इकॅस ३'ने ती मुदत साडेचार तासांपर्यंत नेली. मात्रा किलोमागे ०.९ मिलिग्रॅम, कमाल ९०. दहावा हिस्सा एका मिनिटात शिरेतून, उरलेले तासाभरात पंपाने. ६० किलोच्या माणसाला एकूण ५४ मिलिग्रॅम, म्हणजे ५.४ लगेच आणि ४८.६ तासात. वजन नातेवाइकांच्या अंदाजावर धरले की मात्रा हुकते. वजनकाटा असलेली खाट किंवा स्ट्रेचर हवे. कुपीत पाणी घातल्यावर ती जोरात हलवली तर फेस होतो आणि मोजमाप चुकते, म्हणून नुसती गोल फिरवायची. पहिला डोस देऊन पंप जोडायला दहा मिनिटे लागली तर तो डोस वाया गेल्यासारखाच, कारण अल्टेप्लेज रक्तातून पाचेक मिनिटांत निम्मे होते. आणि शेवटी बाटली रिकामी झाल्याचा गजर वाजला की सिस्टर नळी काढते, तेव्हा शेवटचे काही मिलिलिटर औषध नळीतच राहिलेले असते. बाटली संपली की त्याच वेगाने सलाइन चालू ठेवून ते आत सरकवायचे. लहान शरीराच्या माणसात नळीतले औषध हा एकूण मात्रेचा दुर्लक्ष करण्याजोगा हिस्सा नसतो.

टेनेक्टेप्लेज या त्याच जातीच्या दुसऱ्या औषधामुळे ही कटकट बरीच संपते. ते रक्तात जास्त वेळ टिकते, म्हणून किलोमागे ०.२५ मिलिग्रॅम, कमाल २५, असे एका दमात दिले की झाले. रुग्ण दुसऱ्या गावी हलवायचा असेल तर पंप सांभाळत बसावे लागत नाही. धोका वेगळाच आहे. हेच औषध हृदयविकारात जवळपास दुप्पट मात्रेत, ३० ते ५० मिलिग्रॅम, देतात आणि कुपी बहुधा त्या हिशोबाची असते. घाईत सगळी कुपी गेली तर मेंदूत रक्तस्राव ओढवून घेतला. नॉर्वेतल्या एका चाचणीत किलोमागे ०.४ मिलिग्रॅम देऊन पाहिले. रक्तस्राव आणि मृत्यू वाढले आणि ती थांबवावी लागली. मेंदूची मात्रा वेगळ्या तक्त्यावर लिहून तो तक्ता औषधाच्या खोक्यावरच चिकटवलेला असावा.

औषधाला मर्यादा आहे. २०११ च्या एका जर्मन अभ्यासात ८ मिलिमीटरहून लांब गुठळ्या औषधाने जवळपास सुटतच नाहीत असे दिसले. मानेतून कवटीत शिरणाऱ्या मुख्य धमनीतल्या गुठळीवर तर औषध क्वचितच मात करते. म्हणून मोठी धमनी बुजलेली दिसली की औषध द्यायचे आणि त्याच वेळी कॅथलॅबला, म्हणजे नळी घालून गुठळी काढतात त्या विभागाला, कळवायचे. 'औषध दिलंय, तासभर परिणाम बघू, मग ठरवू' हे वाक्य अतिशय समंजस वाटते, आणि आमच्या मते या सगळ्या प्रवासातली सर्वांत महाग चूक तीच. लहान रुग्णालयात औषध देऊन पुढे पाठवताना हे फार घडते. औषध शिरेत गेले की रुग्णवाहिकेचे चाक हलायला हवे. आधी जवळच्या रुग्णालयात नेऊन औषध देणे बरे, की थेट गुठळी काढणाऱ्या लांबच्या केंद्रात नेणे बरे, हा वाद स्पेनमधल्या कॅटलोनियातल्या 'रेसकॅट' चाचणीत तपासला गेला. २०२२ मध्ये उत्तर आले की तीन महिन्यांनंतर फरक दिसत नाही. पण तिथली लहान रुग्णालये रुग्णाला फार वेळ अडकवून ठेवत नाहीत, ही त्यातली खोच विसरू नये.

गुठळी ओढून काढतात म्हणजे नेमके काय करतात? जांघेतल्या किंवा मनगटातल्या धमनीत सुई घालून सुमारे पावणेतीन मिलिमीटर व्यासाची आवरणनळी बसवतात. तिच्यातून मानेतल्या धमनीपर्यंत मोठा कॅथेटर, बहुधा टोकाशी फुगा असलेला. त्यातून केसाएवढी, ०.३६ मिलिमीटरची तार आणि तिच्यावरून सूक्ष्म कॅथेटर गुठळीच्या पलीकडे नेतात. पलीकडे थेंबभर रंगद्रव्य सोडून पाहतात की आपण धमनीतच आहोत, तिच्या भिंतीत घुसलेलो नाही. मग ४ ते ६ मिलिमीटर व्यासाची जाळी उघडतात. ती उघडताच ओढायची नाही. तीन ते पाच मिनिटे थांबले की गुठळी जाळीच्या घरांत रुतते. त्यानंतर मानेतला फुगा फुगवून वरचा प्रवाह थांबवतात, सिरिंजने किंवा पंपाने रक्त उलटे शोषत जाळी एका लयीत मागे घेतात. फुगा न फुगवता ओढले तर सुटलेला तुकडा प्रवाहाबरोबर पुढे जातो आणि आतापर्यंत शाबूत असलेल्या भागाची धमनी बुजवतो. दुसरी पद्धत नुसत्या शोषणाची. रुंद कॅथेटरचे तोंड गुठळीला टेकवून पंप लावतात. नळीतले रक्ताचे थेंब थांबले की समजायचे, बाटलीच्या बुचासारखी गुठळी तोंडात बसली.

पहिल्याच ओढीत सगळी धमनी मोकळी झाली तर निकाल सर्वांत चांगले लागतात. तिसऱ्या-चौथ्या ओढीनंतर मिळकत घटते आणि धमनीला इजा होण्याचा धोका वाढतो. तारेने धमनी फुटली तर पडद्यावर रंगद्रव्य धुरासारखे बाहेर पसरताना दिसते. तेव्हा फुगा फुगवून प्रवाह तोडतात, विरघळवण्याचे औषध चालू असेल तर बंद करतात, रक्तदाब उतरवतात. कधी धमनी उघडते आणि दहा मिनिटांत डोळ्यांदेखत पुन्हा मिटते. तिथे गुठळीखाली जुना चरबीचा थर असतो. फुग्याने रुंद करणे किंवा स्टेंट बसवणे भाग पडते, आणि स्टेंट घातला की रक्त पातळ करणारी जोरकस औषधे आली, म्हणजे ताज्या इजेत रक्तस्रावाची भीती आली. इथे कोणतेही पाऊल निर्धोक नसते, आणि हे नातेवाइकांना तसेच सांगावे.

प्रवाह किती उघडला, हे ० ते ३ च्या श्रेणीत लिहितात. निम्म्याहून अधिक प्रदेशात रक्त पोहोचले की '२बी', सगळीकडे पोहोचले की '३'. 'गुठळी काढली' या दोन शब्दांत हे सगळे बुडून जाते. नातेवाइकांनी ही श्रेणी विचारावी, डिस्चार्ज कार्डावर ती वेळेसह लिहिलेली असावी.

संमतीच्या वेळचे बोलणे हा आणखी एक मोठा खड्डा. तरुण डॉक्टर व्हरांड्यात पाच नातेवाइकांना शंभरातल्या सहा रक्तस्रावांची भीती घालतो आणि एका मोठ्या मुलाच्या येण्याची वाट पाहत अर्धा तास जातो. ते सहा 'निंड्स' चाचणीतले. औषध घेतलेल्यांत लक्षणे वाढवणारा रक्तस्राव ६.४ टक्क्यांना झाला, न घेतलेल्यांत ०.६ टक्क्याला. हे खरे आहे, पण अर्धवट आहे. तीन महिन्यांनंतरचे मृत्यू औषधाच्या गटात जास्त नव्हते, आणि अपंगत्व नसलेले किंवा नावापुरते उरलेले रुग्ण स्पष्टपणे जास्त होते. गुठळी काढण्याबद्दल २०१५ च्या सुमारास आलेल्या पाच चाचण्यांचा एकत्रित हिशोब २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला, १२८७ रुग्णांचा. त्यावरून सांगायचे तर असे सांगावे: मोठी धमनी बुजलेल्या शंभर जणांची गुठळी काढली तर सुमारे ३८ जणांचे अपंगत्व एरवीपेक्षा कमी राहते. स्वतःच्या पायावर जगणारे २६ होते, ते ४६ होतात. म्हणजे निम्म्याहून जास्त तरीही परावलंबी राहतात किंवा दगावतात. गुठळी काढल्यामुळे मेंदूतला गंभीर रक्तस्राव वाढत नाही. एवढे सांगायला दोन मिनिटे पुरतात. सहीचा अधिकार असलेली व्यक्ती रुग्णवाहिकेतून रुग्णासोबतच यावी, बाकीच्यांनी मागून यावे. तिच्याजवळ चालू गोळ्यांच्या पट्ट्या असाव्यात, आणि रक्त पातळ करणारी गोळी असेल तर शेवटची कधी घेतली हे तिला ठाऊक असावे.

याच आकडेवारीच्या विश्लेषणातून मिनिटांचाही हिशोब निघाला. दारापासून प्रवाह उघडेपर्यंतचा वेळ १५ मिनिटांनी घटला तर यशस्वी उपचार झालेल्या दर हजारातल्या ३९ जणांचे अपंगत्व कमी होते आणि त्यांतले २५ जण आणखी स्वावलंबी होतात. लिफ्ट, शिक्का आणि मोठ्या मुलाची वाट, यांत जाणारी पंधरा मिनिटे ती हीच.

गाभा आधीच मोठा असेल तर? पूर्वी अशांना दारातूनच नकार मिळे. २०२२ पासून जपान, चीन, अमेरिका आणि युरोपातल्या चाचण्यांनी तो नियम मोडीत काढला. अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने झालेल्या 'सिलेक्ट २'मध्ये स्वावलंबी होणारे ७ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर गेले. जवळजवळ तिप्पट, आणि तरीही पाचांतले चार परावलंबीच. दोन्ही वाक्ये एका श्वासात सांगायला हवीत.

धमनी उघडल्यावर रुग्ण सुटला असे समजून सगळे सैल पडतात, ती वेळ खरे तर जागरणाची. तासन्‌तास उपाशी राहिलेल्या केशवाहिन्यांच्या भिंती गळक्या झालेल्या असतात. रक्तदाब चढा राहिला तर रक्त झिरपते. म्हणून औषध दिलेल्या रुग्णाचा रक्तदाब २४ तास १८०/१०५ च्या खाली ठेवायचा. पहिले दोन तास दर १५ मिनिटांनी, पुढचे सहा तास दर ३० मिनिटांनी, मग तासातासाने रक्तदाब आणि हातापायांची ताकद पाहायची. यावरून काहींना वाटले की आणखी उतरवला तर आणखी सुरक्षित. तसे नाही. गुठळी काढल्यावर वरचा आकडा १२० च्या खाली आणून पाहणारी चिनी चाचणी २०२२ मध्ये तोट्यामुळे थांबवावी लागली. १४० च्या खाली आणणारी कोरियातली चाचणीही २०२३ मध्ये तशीच. मोठी धमनी उघडली तरी बारीक वाहिन्या सुजलेल्या, चिकटलेल्या असतात, त्यांच्यातून रक्त जायला दाब लागतो.

डोकेदुखी, उलटी, अचानक चढलेला रक्तदाब किंवा वाढलेली गुंगी दिसली की औषध चालू असल्यास थांबवून लगेच सीटी. या सीटीत एक गोंधळ नेहमी होतो. अँजिओत वापरलेले रंगद्रव्य इजा झालेल्या भागात झिरपून पांढरे दिसते, तसेच ताजे रक्तही पांढरे दिसते. दुहेरी ऊर्जेचा सीटी दोन्ही वेगळे दाखवतो. तो नसेल तर २४ तासांनी पुन्हा सीटी काढायचा. रंगद्रव्य बहुधा तोवर धुतले जाते, रक्त तिथेच राहते. रक्तदाबासाठी एनालाप्रिलच्या जातीच्या गोळ्या घेणाऱ्यांत अल्टेप्लेजने जीभ एका बाजूने सुजू शकते. श्वासनलिका बंद होईपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही, म्हणून जिभेकडेही पाहत राहायचे.

शेवटचा मुद्दा, ज्याची चर्चा फारच उशिरा होते. धमनी उघडलीच नाही किंवा फार उशिरा उघडली आणि मेंदूच्या त्या बाजूच्या मधल्या मोठ्या धमनीचा जवळपास सगळा प्रदेश गेला, तर दुसऱ्या ते चौथ्या दिवसापर्यंत मेंदू सुजतो. कवटीला जागा नसते, सूज मेंदूच्या खोडावर दाब आणते. अशा वेळी त्या बाजूचे कवटीचे हाड काढून आवरण मोकळे करतात. हाडाचा तुकडा पुढून मागे किमान १२ सेंटिमीटर हवा. खिडकी लहान ठेवली तर सुजलेला मेंदू कडांवर कापला जातो आणि शिरा दबतात. साठ वर्षांपर्यंतच्या रुग्णांवर ही शस्त्रक्रिया ४८ तासांत केली तर वाचणारे २९ टक्क्यांवरून ७८ टक्क्यांवर जातात, असे तीन युरोपीय चाचण्यांच्या २००७ च्या एकत्रित अभ्यासात दिसले. वाचलेल्यांपैकी बऱ्याच जणांना पुढे कोणाची तरी मदत लागते, आणि साठीनंतर तर बहुतेकांना. गेलेला मेंदू या शस्त्रक्रियेने परत येत नाही. ती जीव वाचवते आणि शेजारचा शाबूत मेंदू वाचवते. ती करायची की नाही, हे घरच्यांनी ठरवायचे असते. त्यासाठी त्यांच्याशी पहिल्याच संध्याकाळी बोलायला हवे, रुग्ण डोळे उघडतोय आणि सूज अजून यायची आहे तेव्हा. रात्री दोन वाजता एका डोळ्याची बाहुली मोठी झाल्यावर फोन करून विचारले, तर विचार करायला त्यांच्याकडे वेळही उरत नाही आणि रुग्णाकडेही.

आपले,
पक्षाघात विभागात काम करणारे काही डॉक्टर आणि परिचारिका